पास्कूच्या वाट्याचा पेला

९ फेब्रुवारी

तीनशे बारा.

हा आकडा माझ्या बायकोच्या, पास्कूच्या, रक्तातल्या साखरेचा. उपाशीपोटी. दवाखान्यातल्या नर्स ओदेलियानं ही वही दिली आणि बजावलं, "रोमिनकाका, दर सोमवारी-शुक्रवारी यायचं, आकडा लिहून न्यायचा. दिवसाला किती पेले पाणी झालं तेवढं खाली टिपायचं. बाकी काही लिहू नका." अकरा वर्षं मी वस्तीच्या पंचांचा सेक्रेटरी होतो. कोरं पान दिसलं की माझा हात शिवशिवतो. तेव्हा बाकीचंही लिहिणार.

ओदेलिया शहरातली पोर, पण जिभेला हाड नाही. पास्कूला म्हणाली, "मावशी, दिवसाला कोला किती होतो?" मीच म्हणालो, "आठ-दहा पेले." ओदेलियानं कपाळावर हात मारला.

पण त्यात पास्कूचा दोष काय? ती वैदीण आहे. मनगट धरते आणि रक्त काय बोलतं ते ऐकते. उपचार असला की जमिनीवर पाइनची पानं अंथरायची, मेणबत्त्या लावायच्या, कोलाच्या बाटल्या उभ्या करायच्या. प्रार्थना झाली की पेला तीनदा फिरतो. पहिला वैदिणीचा, मग रोग्याचा, मग बाकीच्यांचा वयाच्या क्रमानं. रोग्यानं दणदणीत ढेकर दिला की आतलं वाईट बाहेर पडलं. दिवसात तीन उपचार झाले तर पास्कूचे नऊ पेले. आणि पुढे केलेला पेला नाकारणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं.

"उजवा डोळा अंधुक झालाच आहे," ओदेलिया म्हणाली. "असंच चाललं तर दुसराही जाईल, मग पायावर येईल. गोळ्या देते, पण गोळीवर कोला ओतलात तर गोळी बिचारी काय करणार? तहान लागली, पाणी. जेवायला बसलात, पाणी. पाहुणा आला, त्यालाही पाणी."

वाटेत पास्कू पुटपुटली, "पाण्यावर उपचार करू? लोक म्हणतील, पास्कुमायला वेड लागलं."

निघताना ओदेलियानं माझंही बोट मागितलं होतं. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय!

१० फेब्रुवारी

तोड निघाली, आणि ती माझ्या डोक्यातून निघाली हे इथं नमूद करतो.

आपल्याकडे ज्याला पिणं झेपत नाही त्यानं पेला ओठाला लावून बाकीचं सोबतच्या बाटलीत ओतायचं आणि घरी न्यायचं, ही जुनी रीत आहे. कुणाचा अपमान होत नाही. मी आज नरसाळं आणि रिकामी बाटली घेऊन पास्कूच्या मागे बसलो. तिनं ओठ लावले, पेला मागे दिला, मी ओतला. कुणी भुवईसुद्धा उचलली नाही.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "आता याचं काय करायचं?" मंत्रवलेलं पेय टाकता येत नाही, विकता येत नाही, ते माणसाच्याच पोटात गेलं पाहिजे. मी म्हणालो, "ते माझ्यावर सोपव. शेजारीपाजारी वाटून टाकतो."

वाटलं नाही. लाकडांच्या ढिगामागे जाऊन प्यालो. शेजाऱ्यांना वाटून दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी वस्तीभर झालं असतं की पास्कू पीत नाही. आणि तिच्यासमोर प्यालो असतो तर तिच्या जिवाची तगमग. बायकोसाठी नवऱ्यानं एवढं तरी करावं.

१४ फेब्रुवारी

पाणी सहा पेले. भांडणं चार.

चार दिवस तिचं डोकं ठणकतंय. काल बीन्समध्ये मीठ कमी पडलं म्हणून मला बोलली. मीठ तिनंच टाकलं होतं. पाण्याचा पेला हातात घेते आणि औषधासारखा नाक धरून पिते. "याला काही चवच नाही," म्हणते. मी म्हटलं, "चव नाही म्हणून तर त्यात खोट नाही." ती म्हणाली, "सेक्रेटरी, तुम्ही शहाणपण लिहून ठेवा, बोलू नका."

पण प्यायली. सहाही पेले प्यायली. लोलच्या कोलाच्या दुकानावरून जाताना तिनं मान वळवली नाही. लोलनं मुद्दाम बाटली उघडून फस्स आवाज केला. मी तर थांबलोच असतो. कसल्या मातीची बनली आहे ही बाई!

२ मार्च

दोनशे एक्केचाळीस. पाणी नऊ पेले.

ओदेलियानं आकडा पाहून मला टाळी दिली, जणू बोट मीच टोचून घेतलं होतं. नळाला दोन दिवसांआड पाणी येतं, आणि तेही गढूळ, म्हणून पास्कू पहाटे डोंगराच्या झऱ्यावर जाते, मागे घडा बांधून आणते, उकळते, मातीच्या भांड्यात निववते. आज न्याहारीला म्हणाली, "अहो, चव आहे बरं का याला. पहिल्यांदा मातीची लागते, मग दगडाची, आणि मग कशाचीच नाही. ती शेवटची सगळ्यांत चांगली." पस्तीस वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

तिच्या घोट्यांची सूज उतरलीय. दुपारची झोप गेली. चढावर आता तीच पुढे असते आणि मी मागे धापा टाकतो. हे बघून बरं वाटतं.

१९ मार्च

आजपासून तिनं रोग्यांनाही पाणीच द्यायला घेतलं आणि घोटाळा झाला.

"जे मी माझ्या तोंडात घालत नाही ते दुसऱ्याच्या पोटात का ढकलू?" असं तिचं म्हणणं. मी समजावलं की बाई, तुझ्यापुरतं बघ. ऐकेल तर ती पास्कू कसली! सकाळच्या रोग्यानं पेल्यात बघितलं, वास घेतला, आणि म्हणाला, "पास्कुमाय, पाण्यावर बोळवण करतेस होय?" उठून गेला तो थेट मातालकडे.

माताल म्हणजे खालच्या आळीची वैदीण. पास्कूपेक्षा दोन वर्षांनी मोठी. दोघींचं तीस वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य. संध्याकाळपर्यंत आणखी दोघे तिकडे गेले. लोल दुकानाच्या ओट्यावरून ओरडला, "सेक्रेटरी, फुकटच्या पाण्याला गुण कुठला यायचा? झऱ्यालाच वैदीण करा ना!"

रोगी येईनासे झाले तर पास्कूचं काय राहील? हात तेच आहेत, पण मनगट पुढे करणारं कुणी हवं ना. खरं सांगायचं तर मी घाबरलोय.

२१ मार्च

मोठी घटना. पास्कूला स्वप्न पडलं.

वैदिणीला शिकवण स्वप्नातूनच मिळते हे तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. आज लोलच्या ओट्यावर दहा-बारा माणसं असताना पास्कू मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "डोंगराची आई माझ्या स्वप्नात आली. केस ओले, पायात काही नाही. म्हणाली, माझ्या दारचं पाणी सोडून दुकानातलं काळं पाणी माझ्यापुढे ठेवता? मला उचकी लागते त्यानं."

कुणी हसलं नाही. लोलनं हातातली बाटली खाली ठेवली.

मला एवढंच नवल वाटलं की पस्तीस वर्षं ती तोंड धुण्याआधी मला स्वप्न सांगते, आणि हे सांगितलं नाही. घरी विचारलं तर म्हणाली, "तुम्ही घोरत होता." स्वप्नच एवढं मोठं असेल की ते आधी वस्तीला सांगणं भाग होतं. अशा बाईशी माझं लग्न झालंय याचा मला फार अभिमान वाटला.

८ एप्रिल

पंचांचा मुख्य आंतुन, त्याची म्हातारी आई ओढ्यात घसरून पडली. जखम नाही, पण तेव्हापासून जेवत नाही, बोलत नाही. म्हणजे तिचा जीव घाबरून तिथं ओढ्यातच राहिला. आंतुननं पास्कूला बोलावलं. सगळी वस्ती कान टवकारून होती, कारण पाण्यावर ढेकर येणार कसा?

पास्कूनं म्हातारीचं मनगट धरलं आणि बराच वेळ डोळे मिटून बसली. मग ओढ्याच्या दिशेनं तोंड करून तिच्या नावानं तेरा हाका मारल्या. कोमट पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला. घोट, थांब, घोट, थांब. मग तिला खांद्याशी धरलं आणि तान्ह्या बाळाला थोपटतात तसं पाठीवर थोपटलं. आणि ऐंशी वर्षांच्या त्या मूठभर म्हातारीनं असा ढेकर दिला की दारातली कोंबडी उडाली!

म्हातारीनं डोळे उघडले. "लहानपणी हेच पाणी होतं गं," म्हणाली. "कुठं होतीस इतके दिवस?" कुणाला म्हणाली देव जाणे. आंतुननं पास्कूपुढे मान वाकवली. मी पाहिलंय, तो गव्हर्नरपुढेही वाकवत नाही.

बाटल्या मात्र लोक आणतातच. वैदिणीकडे हात हलवत कसं जायचं? मेणबत्त्यांपुढे बाटली उभी राहते, मंत्रवली जाते आणि घरी येते. पेल्यातून पाणी फिरतं, पण कोला येतो तो माझ्याकडेच. आज सहा.

२० एप्रिल

एकशे अठ्ठेचाळीस!

ओदेलिया नाचायचीच बाकी होती. डोळ्यांची तपासणीही झाली, उजवा आणखी बिघडलेला नाही. पास्कूनं माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण स्वतः सुई ओवून लावलं. सुई स्वतः ओवली! मला दाखवून दाखवून.

ही वही मात्र भिकार निघाली, रेघा फिक्या छापल्यात. दोन-दोन दिसतात. पास्कूच्या नादानं डोंगर चढून माझंही पोट गेलं, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. अंगठ्याला नवी चप्पल लागलीय, महिना झाला तरी भरत नाही, चांभाराशी बोललं पाहिजे. घसा सारखा कोरडा असतो, वारा कोरडाय यंदा. रात्री चार वेळा उठावं लागतं, वय झालं. आणि परसात मी लघवीला जातो तिथं मुंग्यांची ही रांग लागलीय. आजोबा म्हणायचे, मुंग्या लवकर निघाल्या की पाऊस लवकर येतो. पेरणीची तयारी आधी करावी म्हणतो.

पास्कूनं अवचित विचारलं, "त्या बाटल्या कुणाला देता हो?" मी म्हणालो, "ज्याला लागते त्याला." खोटं नाही ते.

२ मे

उद्या क्रुसाचा सण. झरा साफ करायचा, क्रुसांना पाइनच्या फांद्या बांधायच्या. आंतुननं जाहीर केलं की यंदा सणाचा पेला झऱ्याच्याच पाण्याचा. पास्कूच्या चुलीवर सकाळपासून हंडे उकळतायत. पेला वाटायचा मान मला. दोन दिवस रोगी फार, बाटल्याही फार. सण झाला की निवांत झोपेन. अंग जड झालंय.

७ मे

शहरातल्या इस्पितळातून आज घरी आलो.

सणाच्या दिवसाचं मला अर्धवट आठवतं. बायका गाळ उपसत होत्या, ढोल वाजत होता. मी आंतुनच्या म्हातारीला पहिला पेला दिला. "घेते हं बाबा," ती म्हणाली. "घे आई," असं मी म्हणायला गेलो तर जीभच हलेना. मग आकाश दिसलं आणि त्यात पास्कूचा चेहरा.

तिनं माझं मनगट धरलं. आमच्यात वैदीण घरच्या माणसाची नाडी बघत नाही, मायेचा हात खोटं ऐकतो. पस्तीस वर्षांत तिनं माझी कधीच बघितली नव्हती. बघितली आणि तिचं तोंड पांढरं पडलं. लोलनंच त्याच्या गाडीत घालून मला शहरात नेलं.

पाचशे चार. हा आकडा माझा.

घरी आल्यावर पास्कूनं मला अंथरुणावर बसवलं आणि लाकडांच्या ढिगामागे गेली. बराच वेळ बाटल्यांचा खडखडाट ऐकू येत होता. परत आली तेव्हा दोन भरलेल्या हातात होत्या.

"केव्हापासून?"

"दहा फेब्रुवारी. वहीत आहे."

"माझा पेला तुमच्या पोटात घातलात?"

"मंत्रवलेला. टाकून कसा द्यायचा? आणि मला वाटलं, निदान तू तरी..."

मला वाटलं ओरडेल. ती जमिनीवर बसली आणि रडली. "माझ्या पाण्याचं कौतुक सगळ्या वस्तीला," म्हणाली, "आणि माझ्या घरात माझंच विष कुणी प्यायचं? मी गावाची नाडी बघत हिंडले आणि तुम्ही माझ्या मागे बसून मरत होता." मी म्हणालो, "मरत नव्हतो गं, मुंग्यांचं मला वेगळंच वाटलं." त्यावर ती आणखीच रडली.

मग उठली, परसात गेली, दोन्ही बाटल्या उघडल्या आणि ओतल्या. मंत्रवलेल्या! जमिनीला हात लावून म्हणाली, "आई, राग धरायचा तर माझ्यावर धर." मी दारातून बघत होतो. अशी छाती माझी नाही.

११ मे

ओदेलियाच्या गोळ्या, सुई, पाणी हे सगळं चालू आहे. पण माझा जीव झऱ्यावर पडलेला आहे, तो उचलून आणायला वैदीण हवी, आणि पास्कू माझ्यावर उपचार करू शकत नाही.

"मातालकडे जायचं," ती म्हणाली.

"ती? तिनं तुझे रोगी ओढले."

"मग चांगलीच असणार," पास्कू म्हणाली आणि घडा पाठीला बांधला.

वैदिणीला विनवायला जाताना पेय न्यावं लागतं. पाणी घेऊन वैदिणीचं दार कुणी ठोठावलं नव्हतं. मातालनं घडा नाकारला तर अख्ख्या वस्तीला कळणार की पास्कूचं पाणी दुसरी वैदीण मानत नाही. मग उद्यापासून पुन्हा बाटल्या फिरणार, पास्कूचा पेला पुन्हा तिच्या हातात येणार आणि मी पुन्हा तिच्या मागे नरसाळं घेऊन बसणार. मला मी ओळखतो.

माताल मका सोलत होती. पास्कूनं गुडघे टेकले, मान वाकवली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मातालनं रीतीप्रमाणे तिच्या वाकलेल्या कपाळाला हात लावला आणि घड्यात डोकावली.

"हे काय?"

"पाणी, ताई."

"मागायला आलीस, ते पाणी घेऊन?"

"हो."

माताल सोलता सोलता थांबली. "तुला म्हणे डोंगराच्या आईनं स्वप्नात सांगितलं."

पास्कूनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाही गं. नर्सनं सांगितलं."

माझ्या मते हा तिचा विनय. दुसऱ्या वैदिणीच्या घरात आपल्या स्वप्नाचा तोरा कोण मिरवेल?

माताल बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. "मलाही तिनंच सांगितलं. गेल्या महिन्यात. दोनशे नव्वद. रोज भिंतीकडे तोंड करून कोला पिते आणि तिच्याशी खोटं बोलते. मला मेलीला स्वप्न काही सुचलं नाही बघ!" मग दोघी पोट धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. आजारी माणसाला कोण सांगतंय!

पानं अंथरली, मेणबत्त्या लागल्या. मातालनं माझं मनगट धरलं, झऱ्याकडे तोंड केलं आणि माझ्या नावानं तेरा हाका मारल्या. तेराव्या हाकेला मला खरंच कुणीतरी अंगात येऊन बसल्यासारखं वाटलं. मग तिनं पास्कूच्या घड्यातून पेला भरला, पहिला स्वतः घेतला आणि सगळा संपवला. "थंड आहे गं," म्हणाली. दुसरा मला. मी प्यालो आणि माझा ढेकर आपसूक आला, थोपटावं लागलं नाही.

तिसरा पास्कूचा. तिनं हातात घेतला, ओठाला लावला. नरसाळं धरण्याच्या जुन्या सवयीनं माझा हात तिच्या मागून पुढे झाला.

पास्कूनं चापट मारली त्यावर. "सेक्रेटरी, हात मागे घ्या. माझ्या वाट्याचा मी पिते."

शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, पेला उपडा केला आणि आधी मातालला दाखवला, मग मला.